पारपत्र गहाळ झाले तर

प्रश्न : माझी कन्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीस निघाली आहे. तेथे पारपत्र गहाळ झाल्यास प्रथम काय करावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपली चिंता मी स्वानुभवाने जाणतो, कारण कलोनच्या रेल्वेस्थानकात, गाडी बदलण्याच्या घाईत, खांद्यावरची पिशवी क्षणभर बाकावर ठेवून मी फलक वाचावयास वळलो, आणि परतून पाहतो तो पिशवीसह पारपत्रही नाहीसे झालेले! त्यानंतरचा अर्धा प्रहर मी शोधाशोधीत व्यर्थ दवडला. वास्तविक तो पोलिसांच्या कचेरीत जावयास हवा होता, कारण त्यांचा लेखी दाखला हाती घेऊनच आपल्या वकिलातीची पायरी चढावी लागते. बर्लिनला आपला राजदूतावास, तर फ्रांकफुर्ट, हाम्बुर्ग व म्युनिक येथे वाणिज्यदूतावास आहेत.

येथे एक भेद मात्र कन्येच्या मनावर पक्का बिंबवावा. तातडीचे म्हणून जे प्रमाणपत्र तेथे मिळते, ते केवळ एकवार मायदेशी परतण्यापुरते असते; शिक्षण चालू ठेवावयाचे असेल, तर नव्या पारपत्राचाच अर्ज करावा, आणि रहिवासाचा परवानाही त्यासोबत गेला असल्यास त्याची वर्दी परकीय नागरिकांच्या स्थानिक कचेरीत स्वतंत्रपणे द्यावी. माझ्या पारपत्राची एक नक्कल सुदैवाने घरी आईच्या पेटीत होती. धाकट्या भावाने दूरध्वनीवरून तिच्यातला क्रमांक व तारखा वाचून दाखविल्या, म्हणूनच माझा अर्ज त्या दिवशी पुरा झाला. तशी नक्कल आपण आजच काढून घरी ठेवावी.