शीड आणि नांगर

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर वसले आहे आणि समुद्र तेथून दिवसभराच्या प्रवासाइतका दूर आहे. असे असूनही शिडाच्या होडीशी या शहराचा जुना संबंध आहे. केंपेगौडा घराण्याच्या काळापासून चालत आलेल्या हलसूर तलावाच्या काठी भारतीय सेनेच्या मद्रास इंजिनियर ग्रुपचे केंद्र आहे आणि या तलावावर जवान शिडाच्या होड्या चालविण्याचे शिक्षण घेत आले आहेत. हा ग्रुप ज्या अभियंता दलाचा भाग आहे, त्याच दलाच्या अधिकाऱ्यांनी 1985 ते 1987 या काळात ‘तृष्णा’ नावाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. भारतीयांनी शिडाच्या नौकेतून केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय.

तलावावर शिकणाऱ्याला वाऱ्याची ओळख फार लवकर होते. सभोवतालची झाडे, इमारती आणि तलावातील लहान बेटे यांच्यामुळे वारा एकसारखा वाहत नाही. तो क्षणात पडतो आणि क्षणात दुसऱ्या दिशेने झोत येतो. वारा ज्या दिशेकडून येतो त्या दिशेला शिडाची होडी सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याशी सुमारे 45 अंशांचा कोन ठेवून आधी एका अंगाला व नंतर दुसऱ्या अंगाला, अशा नागमोडी मार्गाने तिला पुढे सरकावे लागते. शिडावर येणारा वाऱ्याचा दाब होडीला काही अंशी पुढे व बऱ्याच अंशी बाजूला ढकलतो. बाजूची ही गती तळाखाली पाण्यात सोडलेली उभी फळी रोखून धरते आणि पुढची गती तेवढी शिल्लक राहते. हे तत्त्व तलावात आणि महासागरात सारखेच आहे.

परंतु एक गोष्ट तलाव शिकवू शकत नाही, ती म्हणजे भरती-ओहोटी. तलावात तरबेज झालेले मित्र दोन दिवसांच्या सुटीत समुद्रावर जातात तेव्हा त्यांची खरी परीक्षा शीड उभारताना होत नाही. ती शीड उतरविल्यानंतर, नांगर टाकताना होते.

नांगर आपल्या वजनाने होडीला जागी धरून ठेवतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मोठ्या जहाजाच्या बाबतीत जड साखळीच्या वजनाला महत्त्व असतेच. परंतु लहान होडीचा नांगर तिच्या मानाने अगदी हलका असतो. तो टिकतो तो तळाच्या चिखलात किंवा वाळूत रुतून बसल्यामुळे. मराठीत जमीन उखळणाऱ्या आणि होडी थांबविणाऱ्या या दोन्ही साधनांना नांगर हा एकच शब्द आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर हे द्रवगतिशास्त्रातील नामांकित संशोधक आणि हौशी नाविक होते. त्यांनी 1933 साली होडीसाठी जो नवा नांगर तयार केला, त्याचा फाळ खरोखरच शेतातील नांगराच्या फाळासारखा होता. ओढ आडवी असेल तर असा फाळ अधिकाधिक खोल जातो. ओढ वरच्या दिशेने होऊ लागली की तो तळातून उपटला जातो.

म्हणून ओढ शक्य तितकी आडवी ठेवणे हे नांगरण्याचे मर्म आहे. त्यासाठी दोर लांब सोडावा लागतो आणि नांगराजवळ काही मीटर साखळी जोडावी लागते. होडीच्या नाळेपासून तळापर्यंतच्या उंचीच्या किमान पाचपट दोर सोडावा, असा सर्वसाधारण नियम आहे. या प्रमाणात दोर पूर्ण ताणला गेला तरी तळाशी त्याचा कोन सुमारे 12 अंशांचाच होतो. वारा जोराचा असेल तर सातपट किंवा त्याहून अधिक दोर द्यावा. कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरील त्याचा दाब चौपट होतो.

आता मुंबई बंदरातून निघून पौर्णिमेच्या संध्याकाळी मांडव्याजवळ पोहोचलेली एक होडी डोळ्यांसमोर आणावी. मुंबईच्या परिसरात पौर्णिमेला आणि अमावास्येला भरतीची वेळ दुपारी व मध्यरात्रीच्या सुमारास येते. अर्थात सायंकाळी सहाच्या आसपास ओहोटी असते. समजा, त्या वेळी पाणी 3 मीटर खोल आहे आणि होडीची नाळ पाण्यापासून 1 मीटर वर आहे. एकूण उंची 4 मीटर, म्हणून 20 मीटर दोर सोडला. हिशेब बिनचूक दिसतो. जेवण होते, गप्पा रंगतात, चंद्र वर येतो आणि मंडळी निर्धास्त झोपी जातात. मध्यरात्रीपर्यंत उधाणाचे पाणी 4 मीटरने चढते. आता उंची 8 मीटर झाली आणि दोर मात्र तेवढाच, म्हणजे केवळ अडीचपट राहिला. दोर ताणला जाताच तळाशी सुमारे 24 अंशांचा कोन होतो. वारा मंद असेपर्यंत काहीच जाणवत नाही. तो वाढला की नांगर सुटतो आणि होडी झोपलेल्या माणसांसह खडकांकडे वाहू लागते. संध्याकाळीच 40 मीटर दोर सोडला असता तर हा प्रसंग आला नसता.

मात्र लांब दोराबरोबर दुसरी जबाबदारी येते. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत कोकण किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून येणारा वारा रात्री जमिनीकडून वाहू लागतो आणि होडी नांगराभोवती फिरून पार दुसऱ्या बाजूला जाते. ओहोटीच्या वेळी हे वर्तुळ सर्वांत मोठे असते. त्यात दुसरी होडी, खडक किंवा उथळ जागा येणार नाही हे आधीच पाहून ठेवावे लागते.

नांगर सरकला की नाही हे ओळखण्याची जुनी रीत सोपी आहे. किनाऱ्यावरील एकामागे एक असलेल्या दोन खुणा, उदाहरणार्थ एखादे देऊळ आणि त्यामागचा माड, एका रेषेत धराव्यात. बाजूच्या दिशेला अशीच दुसरी जोडी निवडावी. रात्रीसाठी दिवे निवडावेत. वारा न बदलता या रेषा मोडू लागल्या तर नांगर सरकत आहे असे समजावे. सोबत्यांनी आळीपाळीने जागून ही पाहणी करावयाची असते. एकाने जागे राहावे म्हणजे इतरांना निश्चिंत झोपता येते; सुटीतील विसावा अशा वाटून घेतलेल्या जागरणावर उभा असतो.

खुणा धरण्याचा हा सराव करण्यास समुद्र लागत नाही. संथ पाण्यावर, काठावरची झाडे आणि घरे पाहून, तो बंगळूरसारख्या शहरातही करता येतो. भरतीचे कोष्टक मात्र समुद्रावर निघण्यापूर्वी वाचावे लागते. आणि दोर मोजताना समोर दिसणारे पाणी हिशेबात न घेता रात्री चढणारे पाणी हिशेबात घ्यावे लागते.