बार्बारेस्कोचे द्राक्ष-बागाईतदार आणि आपल्याकडील लागवड

द्राक्षाच्या वाइनीचे गुणदोष सांगणें हा या लेखाचा हेतु नाहीं. पिणें बरें कीं वाईट, याचा निर्णय ज्याचा त्यानें करावा. आम्हांस येथें बागाईतदाराच्या दृष्टीनें एकच प्रश्न पाहावयाचा आहे: ज्या मालास गिऱ्हाईक एकच, तो माल शेतकऱ्यानें लावावा काय, आणि लावलाच तर कोणत्या बंदोबस्तानें?

प्रश्न दूरचा नाहीं. १८६९ पर्यंत खानदेशांतच मोडणाऱ्या बागलाणांत आज द्राक्षाच्या बागा आहेत, आणि आपल्या साक्री तालुक्याची शीव बागलाणास लागलेली आहे. नाशिककडे २००१ सालच्या सरकारी धोरणानंतर वाइनीच्या जातींची लागवड झपाट्यानें वाढली. विंचूर येथें या धंद्यासाठीं स्वतंत्र वसाहत झाली. पुढें २००८ नंतर मागणी बसली. माल उचलला जाईना, उचललेल्याचे पैसे थकले, आणि अनेकांनीं भर फळावरच्या वेली उपटून टाकल्या. कॅबर्ने, शिराझ, शेनिन या जातींचा मणी लहान व बियांचा असतो. पाटी घेऊन बाजारांत बसलें तर तिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. थॉम्पसन सीडलेसचें तसें नाहीं. भाव पडला तर तिचा बेदाणा करतां येतो. वाइनीच्या द्राक्षास ही दुसरी वाट नाहीं.

हाच पेंच इटलीच्या उत्तरेकडील पीडमाँट प्रांतांतील बागाईतदारांस सव्वाशें वर्षांपूर्वीं पडला होता. तेथील आल्बा या गांवाभोंवतीं चुनखडीयुक्त मातीच्या टेंकड्या आहेत. त्यांच्या उन्हाकडील उतारांवर नेब्बिओलो नांवाची काळी जात लावतात. तिचा घड उशिरां, ऑक्टोबराच्या सुमारास, पिकतो. त्या दिवसांत दऱ्यांतून धुकें दाटतें व धुक्यावरूनच जातीचें नांव पडलें असें बहुतेक सांगतात. बार्बेरा, दोल्चेत्तो, मोस्काटो याहि जाती त्या भागांत आहेत, परंतु मोठी किंमत नेब्बिओलोचीच.

ती किंमत शेतकऱ्याच्या हातीं मात्र पडत नसे. बार्बारेस्को या खेड्याचा माल व्यापारी घेत, आणि त्याची वाइन शेजारच्या बारोलोच्या नांवाखालीं जाई. आल्बा येथील द्राक्षविद्येच्या शाळेचे प्रमुख दोमित्सिओ काव्हात्सा यांनीं १८९४ सालीं नऊ बागाईतदारांस एकत्र करून सहकारी तळघर काढलें व माल गांवाच्या नांवानेंच विकण्यास आरंभ केला. नऊ हा आंकडा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे संस्था म्हटली कीं प्रथम शेंकडों सभासदांची यादी मांडली जाते. ही संस्था पुढें फॅसिस्ट राजवटींत बंद पडली आणि शेतकरी पुन्हा व्यापाऱ्याच्या दारीं गेला. १९५८ सालीं गांवच्या पाद्र्यानें एकोणीस लहान शेतकऱ्यांस घेऊन ती नव्यानें उभी केली. इमारत नव्हती, म्हणून पहिल्या तीन हंगामांची वाइन देवळाच्या तळघरांत झाली. आज तिचे सभासद पन्नासांवर आहेत.

तिचे नियम थोडे पण कडक आहेत. सभासदानें आपली सारी नेब्बिओलो संस्थेसच घालावयाची. बाजार तेजींत असला म्हणून चांगला माल बाहेर आणि उरलासुरला संस्थेस, असें चालत नाहीं. मोबदला नुसत्या वजनावर नव्हे, तर मालाच्या गुणावर ठरतो. हंगाम वाईट गेला तर निरनिराळ्या टेंकड्यांच्या नांवाची वाइन न काढतां सर्व माल एकत्र मिसळतात. आमच्या मतें या नियमांपैकीं पहिलाच खरा आधार होय. तो ढिला झाला तर बाकीचे कागदावर राहतात.

उत्पन्नाविषयींहि तेथें कायदा आहे. बार्बारेस्को व बारोलो या नांवांखालीं विकावयाच्या मालास हेक्टरीं आठ टनांची मर्यादा आहे, म्हणजे एकरीं सुमारें बत्तीस क्विंटल. मांडवावर एकरीं दहा-दहा टन पाहण्याची संवय झालेल्या आपल्या बागाईतदारास ही लागवड आतबट्ट्याची वाटेल. भाव वजनावरच मिळणार असेल तर ती आतबट्ट्याचीच आहे.

नांवाची किंमत काय असते, हें त्याच प्रांतानें १९८६ सालीं दुसऱ्या रीतीनें अनुभवलें. तेथील कांहीं व्यापाऱ्यांनीं हलक्या वाइनींत मेथॅनॉल मिसळलें. वीसांहून अधिक माणसें दगावलीं व साऱ्या इटलीची निर्यात कोसळली. ज्यांचा दोष नव्हता त्या बागाईतदारांसहि त्याची झळ लागली.

आपल्या हवेचाहि विचार केला पाहिजे. पीडमाँटची वेल हिंवाळ्यांत झोंपते. आपली झोंपत नाहीं, म्हणून एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत गोडी छाटणी करून तिला हंगाम लावावा लागतो. माल फेब्रुवारी-मार्चांत येतो, तेव्हां जळगांवकडे ऊन तापूं लागलेलें असतें. उन्हानें साखर चढते खरी, पण आंबटपणा झपाट्यानें उतरतो, आणि आंबटपणावांचून वाइन बेचव होते. यास्तव तापीकांठच्या केळीच्या काळ्या जमिनींत हा प्रयोग करूं नये असें आम्हांस वाटतें. साक्रीच्या पश्चिमेकडील उंच, निचऱ्याच्या जमिनींत थोडासा करून पाहण्यास हरकत नाहीं.

एकत्र येण्याची रीत तर त्या भागास बाहेरून आणावी लागणार नाहीं. पांझरेवरील फडांत एका फडास एक पीक, पाण्याची वांटणी पाटकऱ्याकडे व राखण जागल्याकडे, हा पंचांचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याच धर्तीवर आठ-दहा जणांनीं मिळून एकच जात लावावी आणि वाइनरीशीं करार एकेकट्यानें न करतां सर्वांच्या वतीनें करावा. करारांत भाव, साखरेचें प्रमाण, तोडणीची मुदत व पैसे देण्याची तारीख लेखी असावी. माल न उचलल्यास भरपाई किती, हेंहि असावें. डॉगरिजचे खुंट उन्हाळ्याच्या तोंडीं लावून त्यांवर ऑगस्ट-सप्टेंबरांत कलम बांधतात. कोणती जात बांधावयाची हें तोंपर्यंत हातांत असतें. तेव्हां करारावर सह्या झाल्या नसतील, तर त्या खुंटांवर थॉम्पसनचेंच कलम बांधावें.