बल आणि कार्य

मुलांनो, 'काम' हा शब्द उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. अभ्यास करणे हे काम, भांडी घासणे हेही काम. विज्ञानात मात्र या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. मराठीत तिथे 'कार्य' असे म्हणतात.

घराची भिंत दोन्ही हातांनी जोराने ढकलून पाहा. तुम्ही बल लावले, दमलात. पण भिंत हलली नाही. म्हणून भिंतीवर झालेले कार्य शून्य! आता खुर्ची ढकला. खुर्ची सरकली, म्हणजे कार्य झाले. बल लावल्यावर वस्तू त्या दिशेने सरकली, तर बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे कार्य. बल न्यूटनमध्ये आणि अंतर मीटरमध्ये मोजले, की कार्य ज्यूलमध्ये मिळते. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल (१८१८-१८८९) या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव या एककाला दिले आहे.

मालधक्क्यावर एक हमाल पाठीवर ५० किलोग्रॅमचे पोते घेऊन उभा आहे. पोते जागचे हलत नाही. मग पोत्यावर होणारे कार्यही शून्यच! तरी हमाल का थकतो? भार पेलताना त्याच्या स्नायूंतील तंतू सारखे आखडतात आणि सैल होतात. त्यात शरीरातील ऊर्जा खर्च होते. म्हणून 'कार्य शून्य' म्हणजे 'मेहनत शून्य' असे समजू नका. कष्टाची किंमत ज्यूलमध्ये ठरत नाही.

आता त्याला ५० किलोग्रॅमचे एक पिंप ट्रकमध्ये चढवायचे आहे. ट्रकचा हौदा जमिनीपासून १.२ मीटर उंच आहे. पिंप सरळ उचलायला सुमारे ५०० न्यूटन बल लागेल.

५०० × १.२ = ६०० ज्यूल

त्याने ट्रकला ३ मीटर लांबीची फळी तिरकी लावली आणि पिंप तिच्यावरून ढकलत नेले. आता सुमारे २०० न्यूटन बल पुरते.

२०० × ३ = ६०० ज्यूल

पाहिलेत? कार्य तेवढेच राहिले. बल कमी झाले, अंतर वाढले. घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडे अधिक बल लागते, एवढेच. फळीमुळे कार्य वाचत नाही; माणसाची कंबर वाचते.

अशा तिरक्या पृष्ठभागाला 'उतरण' म्हणतात. घाटातला रस्ता डोंगराला वळसे घेत चढतो, तो याच कारणाने. दवाखान्याच्या दारात पायऱ्यांशेजारी उतरण का बांधतात, हे आता तुम्हीच सांगा.

शब्दार्थ
एकक – मोजण्याचे माप
पेलणे – भार धरून ठेवणे
आखडणे – आकुंचन पावणे
पिंप – मोठे गोल भांडे

स्वाध्याय
१. हमाल पोते घेऊन उभा असताना का थकतो?
२. २० न्यूटन बल लावून टेबल ३ मीटर सरकवले. कार्य किती झाले?
३. तुमच्या परिसरात उतरण कोठे कोठे आहे? पाच वाक्ये लिहा.