पत्रातला ‘रीइटरेट’

साखरखेर्ड्यात घरी इंग्रजी पत्र आलं की माणसं ते गल्लीतल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घेतात. शेजारच्या काकूंनीही तेच केलं. काका गेल्यावर विमा कंपनीने दावा नाकारला होता. काकूंनी फेरविचाराचा अर्ज धाडला आणि त्याचं उत्तर आलं. त्यात कामाचं वाक्य एकच होतं: ‘वुई रीइटरेट अवर अर्लियर डिसिजन.’ सुरुवातीचा ‘री’ पाहून पोराने सांगितलं, कंपनी पुन्हा विचार करतेय. काकू वाट बघत राहिल्या. पत्र माझ्याकडे आलं तोवर महिने उलटले होते. “भाऊ, त्यांनी अजून कायीच कसं नाही कळवलं?” काकूंनी विचारलं. कळवलं होतं, त्याच कागदात.

रीकन्सिडर म्हणजे फेरविचार. रीइटरेट म्हणजे पुनरुच्चार, आधी म्हटलेलंच ठामपणे परत सांगणं. त्या वाक्याचा अर्थ ‘आमचा नकार कायम आहे’ असा होता. असा नकार मिळाल्यावर विमा लोकपालाकडे जायला २०१७ च्या नियमांनुसार एक वर्ष असतं. काकूंची तक्रार मुदतीत गेली, पण धावपळीत. पोराचा हेतू चांगलाच होता, म्हणून त्याला मी बोल लावत नाही. मात्र पैशाच्या पत्रातला शब्द अंदाजाने सांगू नये, शब्दकोश उघडावा. आणि पत्राबरोबर त्याचा लिफाफाही जपावा, ते कधी धाडलं हे त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून दाखवता येतं.

रीइटरेट हा शब्द किती वजनाचा आहे, ते न्यायाधीशांच्या नेमणुकीत दिसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने, सुचवलेलं नाव सरकार परत पाठवू शकतं. कॉलेजियमने तेच नाव एकमताने रीइटरेट केलं, तर नेमणूक व्हायला हवी, असं १९९३ च्या निकालाने ठरवलं. तेच नाव दुसऱ्यांदा येतं ते आक्षेप पाहून, विचार करून येतं, म्हणून त्याला हा मान आहे.

आपण स्वतः अर्ज लिहितानाही हे ध्यानात हवं. पहिल्याच अर्जात ‘आय रीइटरेट’ लिहिलेले कागद मी पाहिले आहेत. भारदस्त वाटतं म्हणून लिहितात. पण त्यातून आधी एक अर्ज दिला होता असा अर्थ निघतो, आणि समोरचा कारकून तो शोधत बसतो. पहिल्या खेपेला ‘आय स्टेट’ किंवा ‘आय रिक्वेस्ट’ पुरे. रीइटरेटच्या पुढे ‘अगेन’ जोडू नये, पुन्हापणा शब्दातच आहे. रीइटरेट होतं ते म्हणणं: मागणी, भूमिका, नकार. परीक्षा परत दिली, रक्ततपासणी परत केली, तिथे साधा रिपीट चालतो. माणसालाही रीइटरेट करत नाहीत. ‘आय रीइटरेट यू’ चूक, ‘आय रीइटरेट टू यू माय रिक्वेस्ट’ बरोबर.

आणि शब्द वापरलाच, तर लगेच आधीच्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक लिहा. त्यासाठी पहिल्याच दिवशी अर्जाच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.