मुख्य ताई होण्याआधी विचारून घ्या

मे महिना लागला की ओळखीतल्या तरुण मुलींचे फोन येऊ लागतात. बालशिक्षणाची पदविका झालेली असते, दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली सहायक ताई म्हणून काढलेली असतात आणि आता शाळेने सांगितलेलं असतं, जूनपासून शिशुवर्ग तुमचा. पगारात थोडी वाढ, वर्गाच्या दारावर नाव. आनंद आवाजातूनच कळतो आणि तो रास्तच आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांचा वर्ग आपल्या विचाराने चालवायला मिळणं, यासारखं समाधानाचं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. तरीही मी प्रत्येकीला एकच गोष्ट विचारते. वर्गात काही बरंवाईट झालं तर जाब तुला विचारणार, हे नक्की. मग ते होऊ नये म्हणून जे ठरवावं लागतं, ते ठरवायचा अधिकार तुला देणार आहेत का?

पुण्याच्या एका उपनगरातल्या खाजगी बालवाडीत मी मुख्य ताई होते. शाळेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, अशा शाळा गावोगावी आहेत आणि त्या चालवणारी माणसं दुष्ट नसतात. माझ्या वर्गात अठ्ठावीस मुलं होती. सोबत एक सहायक ताई, आणि एक मावशी, पण ती दोन वर्गांत मिळून. त्याच मावशींनी ऑफिसात चहा करायचा, कुरियर घ्यायचं, प्रवेशासाठी आलेल्या पालकांना शाळा दाखवायला सोबत जायचं. जूनच्या पहिल्या बैठकीतच मी म्हटलं होतं की शाळा सुटताना मावशींना फाटकावरून हलवू नका. ‘बघू’ असं उत्तर मिळालं. बैठकीचा काही कागद नव्हता.

जुलैत एका दुपारी जोराचा पाऊस आला. पालक पोर्चमध्ये दाटीने उभे, छत्र्या एकमेकींत अडकलेल्या. मी वर्गाच्या दारात उभी राहून एकेका मुलाला नाव घेऊन पुढे सोडत होते, सहायक ताई आत उरलेल्या मुलांना रेनकोट चढवत होती. फाटकावरच्या मावशींना ऑफिसातून हाक आली, फीची पावतीपुस्तकं वरच्या मजल्यावरून आणून द्यायला. तेवढ्या वेळात साडेतीन वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या कुणाच्या आजोबांच्या छत्रीमागून बाहेर पडला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांनी गणवेश ओळखला आणि त्याला हाताला धरून परत आणलं. मुलगा हसत होता. त्याची आई त्याच वेळी रिक्षातून उतरत होती आणि तिने आपलं मूल रस्त्यावरून येताना पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी शब्दांत मांडणार नाही.

दुसऱ्या दिवशी मला खुलासा मागणारं पत्र मिळालं. मावशींना हाक कोणी मारली, हा प्रश्न त्या पत्रात नव्हता.

म्हणून नव्या मुख्य ताईंना मी सर्वांत आधी फाटकाबद्दल विचारायला सांगते, अभ्यासक्रमाबद्दल नंतर. शाळा सुटताना दारावर कोण असेल आणि त्या व्यक्तीला तिथून हलवण्याचा अधिकार कोणाला असेल? उत्तर ‘कोणालाच नाही’ असंच हवं. मूल कोणाच्या हाती द्यायचं त्या माणसांची फोटोसह यादी दारावरच्या माणसाकडे हवी, ऑफिसच्या कपाटात असून उपयोग नाही. ‘आज शेजारच्या काकू येतील’ असा फोन आला तर प्रवेश अर्जावर नोंदलेल्या नंबरवर आपण उलट फोन करून खात्री करायची. रोज येणाऱ्या आजोबांनाही ओळखपत्र विचारलं की राग येतो. येऊ द्या. आईवडील वेगळे राहत असतील तर मूल कोणाकडे द्यायचं याची लेखी सूचना शाळेने घ्यायला हवी. तो निर्णय दारात उभ्या असलेल्या ताईवर टाकणं हा तिच्यावर अन्याय आहे आणि मुलाला त्यात धोका आहे.

आणि जे बोलणं होईल ते त्याच संध्याकाळी लिहून पाठवा. भांडणाचा सूर नको. ‘आज ठरल्याप्रमाणे सुटण्याच्या वेळी मावशी फाटकावरच राहतील’ एवढी एक ओळ पुरे. लिहिलेली ओळ समोरच्यालाही आठवण देते. ती फक्त तुमच्या बचावासाठी नसते.

दुसरा प्रश्न संख्येचा. २०१३च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक, असं प्रमाण दिलं आहे. महाराष्ट्रात शिशुवर्गासाठी ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण हा निकष असतो. याचा अर्थ असा की जूनमध्ये तुमच्यासमोर बसलेली काही मुलं जेमतेम अडीच वर्षांची असतात. त्यांना शू आल्याचं वेळेत सांगता येत नाही, चप्पल घालता येत नाही, रडू आलं की कडेवर घ्यावं लागतं. यादीत सगळी ‘तीन वर्षांची’ दिसतात, म्हणून जन्मतारखा स्वतः पाहा आणि मगच संख्येबद्दल बोला. शिक्षण हक्काचा २००९चा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्याखालच्या मुलांसाठी त्याच्या अकराव्या कलमात शासनाला मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय करता येईल, एवढंच आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, २०२२मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडाही आला, आणि आपल्या कामाला कागदावर मान मिळाला. पण तुमच्या वर्गात दुसरं माणूस दिवसभर असेल की नाही, हे धोरण ठरवायला येत नाही. ते तुम्हालाच प्रवेश सुरू असताना ठरवून घ्यावं लागतं. जुलै उजाडल्यावर कोणी मूल कमी करत नाही.

हाताखालचं माणूस मिळालं की पुढचा पेच सुरू होतो. तुम्ही पंचवीस वर्षांच्या, सहायक ताई पंचेचाळीसच्या, मावशी तर शाळा उघडली तेव्हापासूनच्या. त्यांना कामं सांगायची कशी? मी अनुभवाने एक रीत धरली: कामं वाटण्याऐवजी जागा वाटायच्या. ‘तुम्ही मुलांकडे लक्ष द्या’ म्हटलं की तिघीजणी एकाच रडणाऱ्या मुलाभोवती गोळा होतात आणि घसरगुंडीपाशी कोणी उरत नाही. त्याऐवजी खेळाच्या वेळी एक घसरगुंडीजवळ, एक वाळूपाशी, एक स्वच्छतागृहाच्या दारात. आपली जागा सोडायची असेल तर दुसरीला तोंडाने सांगून, ‘काकू, मी आत जातेय, वाळूकडे बघा’. मुलं अंगणातून वर्गात आली की प्रत्येक वेळी चेहरा पाहून मोजायची. ‘सगळी आली वाटतं’ यावर कधीही थांबायचं नाही. हे रोज सकाळी मुलं येण्याआधी दहा मिनिटं उभ्या उभ्या बोललं की पुरतं. ती दहा मिनिटं पगारी वेळेत धरायला लावा.

मावशींबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. पुष्कळ शाळांत मुलाने कपड्यात शी केली की ताई नाकाला रुमाल लावून मावशींना हाक मारते, आणि मुलांना त्यातून बरोबर कळतं की आपल्या हातून काहीतरी लाजिरवाणं घडलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलांचे हातपाय धुणं, केस विंचरणं, नखं कापणं हा त्यांच्या बालवाडीतला शिक्षणाचाच भाग होता आणि तो त्यांनी स्वतःच्या हातांनी केला. ताराबाईंना १९६२मध्ये पद्मभूषण मिळालं, हे सगळे सांगतात. त्यांनी मुलांना आंघोळी घातल्या, हे मला त्याहून मोठं वाटतं. मुख्य ताईने हे काम आठवड्यातून काही वेळा तरी स्वतः करावं. मुलांसाठी ते गरजेचं आहेच, शिवाय मावशींशी तुमचं नातं त्याने जसं घडतं तसं कोणत्याही बैठकीने घडत नाही. आणि वर्गात काय चाललंय हे मावशींना आपल्याआधी कळतं. कोणतं मूल आज डब्याला हात लावत नाही, कोण शू करताना दुखतं म्हणतं, हे त्या सांगतात, जर त्यांचं ऐकलं जात असेल तर.

लिहिण्यावरून होणारा दबाव तुम्हाला चुकणार नाही. माझ्या शाळेत ऑगस्टमध्येच चार रेघी वह्या आल्या आणि रोज एक पान भरून घ्या असा निरोप आला. काही पालकांनी शेजारच्या शाळेतल्या मुलाची वही दाखवली होती. मनगटातली आठ छोटी हाडं या वयात पुरती तयार झालेली नसतात. ती वर्षानुवर्षं एकेक करत पक्की होतात, शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. त्या हाताला आधी माती मळायला, कागद फाडायला, मणी ओवायला, कपड्यांच्या चिमट्यांशी खेळायला मिळालं पाहिजे. मी पालकसभेत सगळ्यांना डाव्या हाताने चार रेघांत बसवून एक पान लिहायला लावलं, डावखुऱ्यांना उजव्या हाताने. पाच मिनिटांत खांदे वर आले, दात ओठांवर रोवले गेले, कोणीतरी पेन खाली ठेवलं. त्यानंतर मातीकामाबद्दल जे बोलणं झालं ते अगदी मनापासूनचं होतं. वह्या दिवाळीपर्यंत कपाटात राहिल्या. म्हणून होकार देण्याआधी हेही विचारा की वर्गात काय शिकवायचं ते कोण ठरवणार आणि पालकांचा आग्रह आला तर शाळा कोणाच्या बाजूने बोलणार.

मात्र अधिकार मागणाऱ्या ताईकडे सांगण्यासारखं काही हवं, आणि ते नोंदवहीतून येतं. ‘आगाऊ आहे’, ‘हट्टी आहे’, ‘मागे पडतो’ असं लिहू नका. ‘खाऊच्या आधी वाळूत होता, मित्राने फावडं ओढलं, तो दंडाला चावला, मग कोपऱ्यात जाऊन बसला’ असं लिहा. अशा नोंदी काही आठवडे झाल्या की दिसतं, हा मुलगा भूक लागल्यावरच चावतो. मग खाऊची वेळ वीस मिनिटं अलीकडे घ्यायची. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला राग आला आणि शब्द सुचले नाहीत की ते चावतं, त्यात त्याच्या आईचे संस्कार काढण्यासारखं काही नसतं. ज्याला चावा बसला त्या मुलाच्या पालकांना घडलेलं सगळं सांगा, चावणाऱ्याचं नाव सांगू नका. आणि हे बोलणं फाटकात किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहावर करू नका. मूल हात धरून उभं असतं तेव्हा त्याच्या डोक्यावरून त्याच्याबद्दल बोललेलं त्याला सगळं समजतं.

खाऊच्या डब्याकडे रोज नजर हवी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सबंध द्राक्षं या वयात घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून द्या. मोजायला म्हणून ठेवलेला हरभरा नाकात गेला तर ओलाव्याने फुगतो. घशात काही अडकल्यावर काय करायचं याचं प्रशिक्षण शाळेने सगळ्यांना, मावशींनाही, वर्ष सुरू होण्याआधी द्यावं असा आग्रह धरा.

आता एक गोष्ट अशी, जिथे तुम्हाला कोणाचीही परवानगी लागत नाही. मुलाच्या अंगावरच्या खुणेवरून, बोलण्यावरून किंवा खेळातून लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर २०१२च्या पोक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं ही ज्याला ते कळलं त्याची जबाबदारी आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही, असंही त्याच कलमात आहे. ‘आधी आपण आपसात पाहू, शाळेचं नाव जाईल’ असं कोणी म्हणालं तर थांबू नका. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, त्याने जे शब्द वापरले तेच लिहून ठेवा आणि कळवा. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक वर्गात भिंतीवर असू द्या.

या सगळ्याला शाळेने नकार दिला तर? काही शाळा देतील. खुलाशाच्या पत्राला उत्तर देताना मी जूनच्या बैठकीतलं माझं बोलणं मांडलं, फाटकाचा नियम लेखी करा असं पुन्हा मागितलं आणि तो झाला. पण पुढच्या वर्षी मुलं आणखी वाढवायची ठरली, तेव्हा मी ती नोकरी सोडली. तुमच्यावरही तशी वेळ आली तर वर्ष अर्ध्यावर असताना शक्यतो निघू नका. निघावंच लागलं तर मुलांना न सांगता जाऊ नका. शाळा म्हणेल, कशाला रडवता; पण तीन वर्षांच्या मुलाची ताई एका सोमवारी नाहीशी झाली की ते पुढचे कित्येक दिवस दाराकडे पाहत राहतं. नवीन ताईला आठवडाभर आधी वर्गात बोलवा. पहिले दोन दिवस तिने नुसतं बसावं, मग खाऊ वाढावा, मग गोष्ट सांगावी. कोणत्या मुलाला झोप येताना कान धरायला लागतो, कोणाला टाळीच्या आवाजाची भीती वाटते, हे नोंदवहीसकट तिच्या हाती द्या. मुलांना सरळ सांगा की शुक्रवारनंतर मी येणार नाही, या ताई रोज येतील. आणि त्या ताईलाही विचारा, फाटकावर कोण उभं राहणार हे तिने ठरवून घेतलंय ना.