पीटर्सबर्ग : दोन पुतळे, दोन काव्ये

पीटर्सबर्गचा सांस्कृतिक इतिहास बहुधा राजवाडे, संग्रहालये आणि नाट्यगृहे यांच्या आधारे सांगितला जातो. १७०३ मध्ये पीटरने नेव्हा नदीकाठच्या दलदलीत वसविलेल्या या राजनगराबाबत ते स्वाभाविकही आहे. तथापि साहित्याच्या अभ्यासकाला तेथील दोन पुतळे अधिक बोलके वाटावेत.

पहिला पीटरचा अश्वारूढ पुतळा. दुसऱ्या कॅथरीनच्या इच्छेवरून फाल्कोने या फ्रेंच शिल्पकाराने तो घडविला. अनावरण १७८२ मध्ये झाले. पुश्किनने 'कांस्य अश्वारोही' (१८३३) या दीर्घकाव्यात १८२४ च्या महापुरात प्रेयसी गमावलेल्या एका यःकश्चित कारकुनाला याच पुतळ्यासमोर उभे केले. कारकून धमकीचा शब्द उच्चारतो आणि राजा घोड्यासह त्याच्या पाठीस लागतो. पहिल्या निकोलसने हस्तलिखितावर आक्षेप घेतले. कवीच्या हयातीत हे काव्य समग्र प्रसिद्ध होऊ शकले नाही. हा प्रश्न नेमका कोणास बोचला, हे वेगळे सांगावयास नको.

दुसऱ्या पुतळ्याची जागा मात्र काव्यानेच सुचविली. मुलाच्या अटकेनंतर अख्मातोवा लेनिनग्राडच्या (पीटर्सबर्गचे १९२४ ते १९९१ मधील नाव) तुरुंगाबाहेर रांगेत तिष्ठत असे. आपले स्मारक व्हायचेच तर ते तेथेच व्हावे, असे ती 'रेक्वियम'मध्ये सुचविते. या कविता कागदावर ठेवणे धोक्याचे होते, म्हणून विश्वासू स्नेह्यांनी त्या मुखोद्गत केल्या. (आपल्या मौखिक परंपरेशी याची तुलना घाईची ठरेल, या पाठांतरामागे भय होते.) सोव्हिएत भूमीवर त्या १९८७ मध्ये छापल्या गेल्या. क्रेस्ती तुरुंगासमोर, नेव्हाच्या पैलतीरावर, अख्मातोवाचा पुतळा २००६ मध्ये उभा राहिला.