तोंडी शिफारशीवर इंद्रायणी तांदळाची थेट विक्री

इंद्रायणी हा भाताचा वाण आपल्या मावळाच्याच मातीतला. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून तो तयार केला व १९८७ मध्ये प्रसारित केला. तांदळाला वास आहे, चव आहे, मागणीही आहे. तरीही मळणी उरकताच भात व्यापाऱ्याला घालून मोकळे होणारे शेतकरी पुष्कळ आहेत. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि मुंबई जवळ असल्याने हाच तांदूळ घरोघर थेट विकता येतो. त्यासाठी मोठ्या जाहिरातीची गरज नाही. खाणाऱ्याने शेजाऱ्याला सांगितलेला एक चांगला शब्द पुरतो.

ग्राहक किती लागतात?

पुढील हिशोब नमुन्यादाखल आहे. एक एकरात १६ क्विंटल भात झाले असे धरू. भरडल्यावर ६५ टक्के उतारा धरल्यास कणीसह सुमारे १० क्विंटल तांदूळ मिळेल. घरखर्च आणि कणी वजा जाता ८ क्विंटल विक्रीस उरेल. एका कुटुंबाला वर्षाला ५० किलो तांदूळ लागत असेल, तर आपल्याला फक्त १६ घरे हवीत. पहिल्या हंगामात ४ घरे धरावीत. शहरातील नातेवाईक, लोणावळा-खंडाळ्यातील बंगलेवाले, मुंबईत नोकरीस असलेले गावकरी यांच्यापासून सुरुवात करावी. प्रत्येक घराने दरवर्षी एक घर जोडून दिले, तर दुसऱ्या हंगामात ८ आणि तिसऱ्या हंगामात १६ घरे होतील.

शिफारस टिकते कशावर?

लोणावळ्याची चिक्की प्रवासी एकदा घेऊन पुढे जातो. तांदळाचे तसे नाही. तो त्याच घरात दर महिन्याला शिजतो. शिफारस करणारा आपली पत आपल्यासाठी पणाला लावतो. पोते खराब निघाले, तर त्याला शेजाऱ्यासमोर मान खाली घालावी लागते. तो पुन्हा कोणाला सांगणार नाही. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१) शुद्ध बियाणे वापरावे. लोंब्या बाहेर पडल्यावर शेतात फिरून वेगळ्या वाणाची झाडे उपटून टाकावीत.

२) मळणीनंतर भात चांगले वाळवावे. ओलावा सुमारे १३ टक्के असावा. दाताखाली दाणा कटकन तुटला म्हणजे वाळला असे समजावे. कडक उन्हात पातळ थर देऊन एकदम वाळवू नये. त्याने भरडताना कणी वाढते आणि वासही कमी होतो.

३) साठवण भाताच्या रूपात करावी व मागणीप्रमाणे भरडावे. वास उडून जाणारा असल्याने भरडून महिनोन्‌महिने ठेवलेला तांदूळ फिका पडतो.

४) पिशवीत चिठ्ठी घालावी. तीत वाण, हंगाम, भरडल्याची तारीख, आपले नाव व गाव लिहावे. नवा तांदूळ कमी पाणी घेतो व भात मऊ, चिकट होतो, हेही लिहावे. मोकळ्या भाताची सवय असलेल्या ग्राहकाला हे आधी कळले नाही, तर तो तांदळालाच दोष देतो.

५) नोंदवही ठेवावी. ग्राहकाचे नाव, कोणाच्या सांगण्यावरून आला, किती किलो नेले, तक्रार काय, हे त्यात लिहावे. तक्रार आल्यास वाद न घालता पिशवी बदलून द्यावी आणि ज्याने शिफारस केली त्यालाही तसे कळवावे.

६) शिफारस करणाऱ्याला दलाली देऊ नये. पैसे घेऊन केलेल्या शिफारशीवर कोणी विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी नव्या हंगामात किलोभर तांदूळ भेट द्यावा. दर मात्र नव्या-जुन्या सर्वांना एकच असावा.

सतरावे घर आले तर?

खरी परीक्षा येथेच आहे. आपला माल संपलेला, ग्राहक दारात उभा, अशा वेळी बाहेरून स्वस्त तांदूळ आणून इंद्रायणी म्हणून देण्याचा मोह होतो. तो टाळावा. खाणाऱ्याला पहिल्याच घासाला फरक कळतो आणि त्याच्यासोबत त्याने जोडलेली घरेही जातात. चांगल्या शब्दापेक्षा वाईट शब्द लवकर पसरतो. शिवाय बोल एकट्याला लागत नाही. "मावळात आता तसा तांदूळ मिळत नाही" असे म्हटले जाते व प्रामाणिक शेजाऱ्याचेही नुकसान होते.

अशा वेळी माल संपल्याचे स्पष्ट सांगावे व तोच वाण शुद्ध ठेवणाऱ्या शेजाऱ्याकडे ग्राहक पाठवावा. पुढे गावातील पाच-दहा शेतकऱ्यांनी गट करून बियाणे, वाळवणी व दर एकसारखे ठेवावेत. गटातील कोणाचीही पिशवी उघडली तरी तांदूळ सारखाच निघाला पाहिजे.

येत्या हंगामात सगळे भात एकदम घालू नये. चार घरांना पुरेल एवढे, म्हणजे सुमारे साडेतीन क्विंटल भात, राखून ठेवावे आणि सुरुवात करावी.